नजरचुकीने नाव राहिल्यास

कोथरूड, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांना सा. न.

दत्ताकाकांच्या दुधाच्या गाडीतून एक पुडकं पाठवते आहे. हा माझा शोधनिबंध. गेल्या जुलैत तुमच्याकडे राहून मी वाड्यावाड्यांवर हिंडले, लोकांशी बोलले, ते सगळं यात आहे. विषय तुम्हाला ठाऊकच आहे: भातलावणीतली सावड. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, ही आपल्या खोऱ्यातली रीत आता किती उरली आणि कुणाकुणासाठी उरली, एवढंच मांडलं आहे.

शैलेश सरांनी पहिली प्रत दोन पानं वाचून परत दिली. म्हणाले, छपाईच्या इतक्या चुका असतील तर मी मजकूर कधी वाचायचा? मी स्वतः वाचते तेव्हा मला चुका दिसतच नाहीत, डोळे मनातलंच वाचतात. घरात मराठी नीट वाचणारं दुसरं कुणी नाही. पायाचं प्लास्टर अजून निघालेलं नाही, त्यामुळे मला स्वतःला येता येत नाही.

म्हणून तुम्हाला त्रास. फक्त छपाईच्या चुकांवर खूण करा. काना राहिला, शब्द दोनदा पडला, असं काही. वीस तारखेला निबंध द्यायचा आहे. लीलाआजीला नमस्कार.

तुमची
सृष्टी

*

मु. रिहे, ता. मुळशी
७ फेब्रुवारी

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

पुडके मिळाले. दत्ताने ते दुधाच्या कॅनखाली ठेवले होते, त्यामुळे पहिली काही पाने ओली. त्याला बोललो तर म्हणतो, "तात्या, दूधच हाय, गटार न्हाई." अशा माणसाच्या हाती तुझे शिक्षण सोपवले आहेस.

पाठ मोडेपर्यंत बसून वाचले. मुली, तुम्हाला कॉलेजात शिकवतात तरी काय? मी सातवीला गणितात बसलो तो बसलोच, पण या खोऱ्यातली एकही लग्नपत्रिका माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही. एका आत्याबाईचे नाव राहिले म्हणून मांडवात ताटे उपडी झालेली मी पाहिली आहेत. माझ्या हातून गेलेल्या पत्रिकेत आजवर एकाचेही नाव राहिलेले नाही. आणि तुझ्या या निबंधात सारा घोळ नावांचाच आहे.

पहिली गोष्ट, पानोपानी शब्दांच्या डोक्यावर मुंग्यांसारखे बारीक आकडे पडले आहेत. छापणाऱ्याच्या मशीनचा दोष असणार. एकूण एक खोडले. डोळ्यांतून पाणी आले, पण खोडले. दुसरे, शेवटी पुस्तकांची यादी आहे तिथे सगळ्यांची आडनावे आधी आणि नावे मागून. हे पोलीस चौकीत चालते. मी सरळ करून ठेवली. त्यातले हयात कोण आणि गेलेले कोण ते कळव, म्हणजे कै. लावायचे राहणार नाही.

तिसरे फार गंभीर आहे. पान एकोणीस. तिथे तू रखमा म्हणून कुणी बाई घातली आहेस. वरच्या कातकरवाडीत रखमा नाही, कधी नव्हती. तिचे बोलणे वाचले आणि लगेच ओळखले. "आज मी तुज्याकडं, उद्या तू माज्याकडं, ह्याला सावड म्हनत्यात. आमाला खाचरच न्हाई, तर मालक आमच्याकडं येनार कुटं? ज्याच्या बांधावर ऱ्हायतो त्याची लावणी पयली करायची, आन् त्यालाबी सावडच म्हनायचं." ही भैरूची सोनी. एवढे सरळ बोलणारी दुसरी बाई खोऱ्यात नाही. रखमा खोडून लाल शाईने 'सौ. सोनी भैरू वाघमारे' असे ठसठशीत लिहिले आहे. पुढेही अशीच चुकीची नावे होती, सगळी बरोबर केली. ज्याने माहिती दिली त्याचेच नाव चुकवायचे म्हणजे काय?

आणि ऋणनिर्देशाच्या पानावर कोण, तर सर आणि ग्रंथालय. गाव कुठे गेले?

पत्रिकेचा कच्चा मसुदा आपण देवळात वाचून दाखवतो, म्हणजे मागून कुणी बोट दाखवायला नको. तुझा निबंधही रविवारी वाचणार आहे. सांगावा सगळ्यांना गेला आहे. विश्रामही येतो म्हणाला. त्याच्या अमोघचे वैशाखात लग्न आहे, ती पत्रिकाही लवकरच तपासायला येईल. मला मेलो तरी सुट्टी नाही.

तुझा
हैबतराव तात्या

*

कोथरूड
८ फेब्रुवारी

ती. तात्या,

हे पत्र मिळताच पुढचं वाचायच्या आधी पुडकं बांधा आणि कपाटात ठेवा. देवळात वाचू नका. कुणाला दाखवू नका. सकाळपासून तुम्हाला फोन लावते आहे. तुम्ही तो बंद करून डब्यात ठेवला असणार, चार्जिंग वाचावं म्हणून. आणि दुसऱ्या कुणाला फोन करून सांगावं असं हे नाही.

तात्या, रखमा ही चूक नाही. मी सगळी नावं मुद्दाम बदलली आहेत. असल्या अभ्यासात तशीच पद्धत असते, म्हणजे माणसं मोकळं बोलतात आणि नंतर त्यांना त्रास होत नाही. सोनीताई माझ्याशी बोलली ती याच अटीवर. मी तिच्या अंगणात बसून तिला शब्द दिला होता की तुझं नाव कुठेही येणार नाही. तिची झोपडी कुणाच्या बांधावर आहे हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. विश्रामकाकांनी तिचे हे शब्द ऐकले आणि उद्या "उचला बिऱ्हाड" म्हणाले, तर ती पोरं घेऊन कुठे जाईल? भैरू उरवड्याच्या कारखान्यात रोजावर माल चढवतो. त्यात दुसरी जागा होते का?

ते बारीक आकडे तळटिपांचे होते. प्रत्येक पानाच्या खाली त्याच आकड्यासमोर टीप आहे. तात्या, पान खालपर्यंत वाचायचं असतं. पण ते जाऊ दे. आधी पुडकं.

सृष्टी

*

मु. रिहे
१० फेब्रुवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

तुझे शनिवारचे पत्र आज सोमवारी दुपारी हातात पडले. दत्ताने ते खिशात घातले आणि मेहुण्याच्या साखरपुड्याला उरवड्याला गेला. शर्ट धुवायला काढला तेव्हा त्याला आठवले. मी त्याला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

वाचन काल झाले.

घाबरू नकोस, पान एकोणीसपर्यंत आम्ही पोचलोच नाही. तुझ्या तिसऱ्या पानावर 'खोऱ्यातील मोठी खाचरे' असे शब्द आहेत. त्यावर शंभूने विचारले की मोठी कुणाची आणि मग बाकीच्यांची काय वाफे आहेत का. कोंडीबा म्हणाला, इर्जिकीला सगळे गाव नांगर घेऊन त्याच्या आज्याच्या रानात आले होते, ते का नाही लिहिले. सुधीरने मध्येच त्याच्या आज्याला नांगरच नव्हता असे काढले. मग कोण कुणाला काय बोलले ते ऐकायची सोय राहिली नाही. मी घसा फोडून सांगत होतो की हा शोधनिबंध आहे, वाटणीपत्र नाही. सहाव्या पानावर वाचन मोडले. पत्रिका वाचताना असे कधी झाले नाही. तिथे मजकूर थोडा आणि नावे जास्त असतात, लोक शांत बसतात.

आता जे सांगायचे ते सांगतो. गर्दी पांगली तेव्हा विश्राम जवळ आला. "द्या हिकडं तात्या, घरी निवांत वाचतो," म्हणाला आणि पुडके काखेत मारून गेला. मी दिले. मला काय ठाऊक? तुझे पत्र दत्ताच्या खिशात होते.

म्हणजे पान एकोणीस, लाल शाईतल्या सोनीसकट, काल दुपारपासून विश्रामच्या घरी आहे. आज रात्रीचे जेवण गेले नाही. ताटावर बसलो असता लीलाबाई म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याची नावं वाचली. एकदा गप बसायचंबी वाचा कुटंतरी."

तू शाईच लाल वापरू नका असे आधी लिहिले असतेस तर बरे झाले असते. निळी असती तर इतकी डोळ्यांत भरली नसती.

काय करू ते लगेच कळव.

तात्या

*

कोथरूड
११ फेब्रुवारी

तात्या,

रागावून लिहीत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पुडकं परत आणा. आजच जा. काहीही कारण सांगा, सरांनी मागितलं म्हणा, पानं कमी आहेत म्हणा. सोनीताईचं नाव तुमच्या तोंडून निघू देऊ नका. आणि विश्रामकाकांनी वाचलं असेल आणि ते काही बोलले, तर सृष्टीनं मनचं लिहिलं, पोरीला काही कळत नाही, असं सांगा. मला नावं ठेवू देत. माझा निबंध या वर्षी राहिला तर पुढच्या वर्षी देता येईल. झोपडीचं तसं नाही.

मी घरात पाय वर करून बसले आहे आणि मला काहीच करता येत नाही. मी तुम्हाला फक्त काना आणि मात्रा बघायला सांगितलं होतं, तात्या.

सृष्टी

*

मु. रिहे
१३ फेब्रुवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

पुडके मिळाले. सविस्तर लिहितो, मध्येच टाकून देऊ नकोस.

पत्र मिळाल्याबरोबर काल विश्रामकडे गेलो. तो पडवीत बसला होता आणि पुडके त्याच्या मांडीवर. त्याच्या बायकोने, रत्नाबाईने, चहा आणला, तो बशीत ओतताना सांडला. म्हटले, विश्राम, पोरीला घाई आहे, पुडके दे. तो पुडक्यावर हात आपटून म्हणाला, "तात्या, ह्यात माजं नाव कुटं हाय?"

मला वाटले, झाले. आता पान एकोणीस काढणार. म्हटले, कसले नाव?

"कसलं म्हंजे? दोन दिस पोरगी ह्या पडवीत बसली. च्या पिली, पोहं खाल्लं. सगळी रानं मी दावली तिला. आन् आभार कुनाचं, तर मास्तराचं आन् लायब्रीचं. मी काय मेलो व्हय?"

पोरी, त्याने फक्त ऋणनिर्देशाचे पान वाचले होते. तेच काढून वर ठेवले होते, बाकीचे पुडके मी बांधले तसे. मी इतकी वर्षे पाहतो आहे, पत्रिका हातात पडली की माणूस आधी आपले नाव शोधतो. ते सापडले नाही तर लग्न कुणाचे हेही वाचत नाही. पान एकोणीस त्याने पाहिले असते तर मी पायरी चढायच्या आधीच ते ऐकले असते. विश्रामच्या पोटात गोष्ट टिकत नाही.

पुडके मात्र देईना. नाव घालतो असे कबूल करा, मगच. मी तुला न विचारता कबूल केले. तू काहीही म्हण.

घरी येऊन पान एकोणीसवरचे नाव ब्लेडने खरवडायला गेलो तर भोक पडले. मग ते पानच चुलीत घातले. तुझ्या कॉम्प्युटरात ते असेल असे लीलाबाई म्हणते. नसल्यास कळव, मला ते आता पाठ आहे.

आता पुढचे ऐकून पुन्हा ओरडशील. मी आज सोनीकडे गेलो. तिचे नावही काढू नका म्हणाली होतीस, पण मला स्वस्थ बसवेना. ती मोळी उतरवत होती. तिला सगळे सांगितले, लाल शाईचे, देवळाचे, विश्रामच्या मांडीवरच्या पुडक्याचे. ती मोळीवरच टेकली. मग म्हणाली, "खोडलं ना पर?" मी म्हटले, खोडले नाही, जाळले. तेव्हा ती उठून मोळी सोडायला लागली.

मी उठून निघालो तर मागून म्हणाली, "तात्या, इस्रामदादाचं नाव घालनार म्हनताय ते कुटं घालनार?"

मी सांगितले, शेवटी आभाराचे एक पान असते, तिथे नुसती नावे असतात.

"तितं कोन काय बोललं ते लिवत्यात व्हय?"

म्हटले, नाही. नुसती नावे.

तर ती म्हणाली, "मंग तितं माजंबी घाला की. गावातल्या समद्या लग्नांचं मांडव आमीच घालतो. खड्डं खनतो, डहाळं आनतो. तुमी एवड्या पत्रिका वाचल्या. आमचं नाव वाचलं का कंदी?"

सृष्टी, मी उभा राहून आठवत होतो. एकही पत्रिका आठवेना. माझ्या हातून एकाचेही नाव राहिलेले नाही असे मी तुला पहिल्या पत्रात लिहिले होते. ते पत्र ठेवले असशील तर त्यातले ते वाक्य खोड.

मला त्या पानाचे काही सुचेना. तिचे एकटीचे नाव घातले तर विश्राम विचारील, हिचे का? काय ते तू ठरव. तुझ्या कॉलेजने हे शिकवले असेल अशी आशा करतो.

तात्या

*

कोथरूड
१५ फेब्रुवारी

ती. तात्या,

पान एकोणीस आहे माझ्याकडे. तुम्ही चुलीत घातलंत ते उत्तम केलंत. आणि हो, सोनीताईकडे गेल्याबद्दल ओरडणार होते, पण पत्र पूर्ण वाचल्यावर ओरडले नाही.

उपाय तिनंच सांगितला आहे. ऋणनिर्देशात सगळ्यांची नावं घालते, रिह्यात जे जे माझ्याशी एक शब्द बोलले त्या सगळ्यांची. कोंडीबा, शंभू, सुधीर, गाडीवाले दत्ताकाका, विश्रामकाका, रत्नाकाकी, लीलाआजी, भैरू, सोनीताई, सगळे. एवढ्या नावांत कोण काय बोललं ते ओळखता यायचं नाही. आणि आत पान एकोणीसवर रखमा राहील. तिला दिलेला शब्दही राहील.

शैलेश सर म्हणाले, हे ऋणनिर्देश आहे की गावजेवण? मी म्हटलं, दोन्ही. ते हसले आणि पानभर मजकुराला हो म्हणाले.

मात्र तात्या, नावं अकारविल्हे लावणार आहे, पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे. म्हणजे मानपानाचा वाद नको. आणि श्री., सौ., मा. असं काहीही कुणाच्याही मागे लावणार नाही. याबद्दल कृपा करून वाद घालू नका. तुम्ही खोडलेल्या सगळ्या तळटिपा मी रात्री बसून परत घातल्या आहेत, माझ्यात आता भांडायचं बळ नाही. देवळात तर अजिबात वाचू नका. छापलेली प्रत पाठवीन.

सृष्टी

*

मु. रिहे
२४ फेब्रुवारी

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

वीस तारखेला निबंध दिलास हे कळले आणि प्रतही मिळाली. या वेळी दत्ताने ती पुढच्या सीटवर, कापडात गुंडाळून आणली. त्यात त्याचे नाव आहे हे त्याला वाटेत कळले होते.

वाद घालू नका म्हणतेस म्हणून घालत नाही, पण मानाचे काही न लावता नुसते 'विश्राम' असे छापायचे? मला वाचतानाच घाम फुटला. शिवाय अक्षरांच्या या तुझ्या रांगेत मी कुठे आलो ते पाहिलेस का? अगदी तळाला. सोनीच्याही खाली. ह नंतर ळ येतो, पण ळ वरून खोऱ्यात कुणाचे नाव नाही. ज्ञानोबा असता तर माझ्याखाली आला असता, तो मागेच वारला. वयाने मोठा, घराने मोठा, आणि पंगतीत शेवटी. लीलाबाईचे नाव माझ्या बरेच वर आहे आणि ती तीन दिवस ते पान उघडेच ठेवून होती.

विश्राम रात्री बघायला आला होता. आपले नाव सापडल्यावर बराच वेळ त्यावरच बोट ठेवून होता. मग बोट खाली सरकले. "सोनीचंबी हाय की," म्हणाला. "तिनं काय सांगितलं?"

मी म्हटले, "लावणीचं."

"व्हय, लावणी तिला येती," म्हणाला आणि पान उलटायच्या आत मी पुस्तक त्याच्या हातातून घेतले. रत्नाबाईला दाखवायला मागत होता. म्हटले, एकच प्रत आहे, हळद लागेल. आता ते लीलाबाईच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली तिच्याकडे. माझ्याकडे ठेवण्यावर घरात कुणाचा भरवसा उरलेला नाही.

सोनीला मात्र पान दाखवले. तिला वाचता येत नाही. कुठले अक्षर आपले ते विचारले, मी दाखवले. मग विचारले, खाली कोण? म्हटले, मी. ती हसायलाच लागली. भैरूला हाक मारून सांगितले की तात्या माझ्या खाली बसलेत. यात इतके हसण्यासारखे काय होते?

आता मुख्य गोष्ट. विश्रामने काल अमोघच्या लग्नपत्रिकेचा मसुदा तपासायला दिला. नेहमीप्रमाणे बसलो. आजे, पणजे, कैलासवासी, भावकी, मामे, मावसे, सगळे जागेवर. तळाला 'व्यवस्थापक' म्हणून भावकीतली नऊ तरुण पोरे, ज्यांनी आयुष्यात एक खुर्ची उचललेली नाही. चूक एकही नव्हती. तरी पत्रिका पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, आणि लीलाबाई म्हणाली, आता काय राहिलंय?

मग व्यवस्थापकांच्या खाली एक ओळ वाढवली. 'मांडव: श्री. भैरू व सौ. सोनी वाघमारे.' श्री. आणि सौ. लावले आहे. ही पत्रिका आहे, इथे तुझे चालणार नाही.

तू म्हणशील, तात्या, पुन्हा तेच केलेत, न विचारता नाव घातलेत. तर ऐक. या वेळी आधी वर जाऊन सोनीला विचारून आलो. ती म्हणाली, "घाला. पर इस्रामदादा खोडंल." म्हटले, खोडायचे तर सगळ्यांसमोर खोडावे लागेल.

मसुदा येत्या रविवारी देवळात वाचायचा आहे. मीच वाचणार. तुझ्या निबंधासारखे सहाव्या पानावर मोडायचे नाही, पत्रिकेला एकच पान असते आणि लोक शेवटच्या नावापर्यंत थांबतात. लाल शाई वापरलेली नाही, निळ्याने लिहिले आहे.

फोन डब्यातून काढून चार्जिंगला लावला आहे. रविवारी दुपारी लाव.

तुझा
तात्या